गळणारा व्हॉल्व्ह आवळू नका, गळती शोधा!



आजचा पाठ एका खेळण्यातल्या इंजिनावर आहे. पण खरं सांगायचं तर तो माझ्या एका चुकीवर आहे. ती चूक आपण शिक्षक मंडळी वर्गात रोज करतो असं माझं मत झालंय, म्हणून लिहायला बसलो. शेवटपर्यंत वाचा, आणि पटलं नाही तरी एकदा विचार करा.

इंजिन आलं कसं?

मी धाराशिव जिल्ह्यातल्या एका छोट्या गावात जिल्हा परिषद शाळेत शिकवतो. डी.एड. करून नोकरीला लागलो. पहिली ते सातवीची शाळा. गावातला एक तरुण पुण्यात कंपनीत फिटर आहे. त्याला तिथल्या जुन्या बाजारात दीड वीत लांबीचं एक पितळी रेल्वे इंजिन मिळालं. सेलवर चालणारं नाही बरं का, खऱ्या वाफेवर चालणारं! आत एवढुसा बॉयलर, त्याखाली स्पिरिटचा दिवा, दोन बाजूंना दोन सिलिंडर, वाफ सोडायची-बंद करायची एक दांडी, एक शिट्टी आणि बॉयलरच्या डोक्यावर सेफ्टी व्हॉल्व्ह. त्याने ते शाळेला भेट दिलं. म्हणाला, "सर, पोरांना दाखवा."

आमच्या भागात वाफेच्या इंजिनाचं नाव काढलं की म्हातारी माणसं लगेच बोलायला लागतात. कारण आपली 'बार्शी लाइट'! एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने उभी केलेली ही छोटी रेल्वे १८९७ साली आजच्या कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत सुरू झाली. पुढे आपल्या येडशी-ढोकीकडून जात १९११ मध्ये ती लातूरला पोचली, आणि दुसऱ्या बाजूने १९२७ मध्ये मिरजेला. दोन रुळांमधलं अंतर फक्त अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. हलके रूळ वापरता यावेत म्हणून एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त वजन येऊ द्यायचं नाही, असा कॅलथ्रॉपचा हिशोब होता. १९५४ मध्ये ही कंपनी सरकारने घेतली. आता तिथे रुंद रूळ आहेत आणि गाडी धाराशिव शहरातूनही जाते. आमच्या मुलांनी वाफेचं इंजिन पाहिलेलं नाही, पण प्रत्येकाच्या घरात ते पाहिलेलं कुणीतरी आहे. त्यामुळे हे पितळी इंजिन शाळेत आलं तेव्हा मुलांपेक्षा त्यांचे आजोबाच जास्त खूश झाले.

आणि मी चूक केली

पहिल्या दोन-तीन वेळा इंजिन छान चाललं. मग ते फुसफुसायला लागलं. पाणी उकळलं की सेफ्टी व्हॉल्व्हजवळून वाफ निघायची, दाब धरायचा नाही आणि चाकं दोन-चार फेरे घेऊन थांबायची.

त्यातच शाळेत विज्ञानाचा कार्यक्रम ठरला. पाहुणे येणार, पालक येणार. टेबलावर इंजिन मांडलं, दिवा पेटवला. पाहुणे समोर येऊन उभे राहिले आणि इंजिन पुन्हा फुसफुसायला लागलं. मागून कुणीतरी म्हणालं, "सर, नट आवळा की!" सहावीतला एक पोरगा तर पक्कड घेऊनच आला.

मी काय केलं? स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने व्हॉल्व्ह वरून दाबून धरला. फुसफुस बंद झाली. इंजिन झुकझुक करत टेबलभर फिरलं. टाळ्या पडल्या. माझ्याभोवती बारा-पंधरा मुलं डोकी खुपसून उभी होती.

संध्याकाळी त्या फिटर मित्राला फोनवर हे कौतुकाने सांगितलं. तो एकदम गप्प झाला. मग म्हणाला, "सर, कुकरची शिट्टी दाबून धरून त्याच्याजवळ पोरं उभी केली असती का तुम्ही?"

मित्रांनो, त्या रात्री मला झोप लागली नाही.

सेफ्टी व्हॉल्व्ह कशासाठी असतो?

हे आपल्याला माहीत आहे असं आपल्याला वाटतं. मलाही वाटत होतं. व्हॉल्व्ह म्हणजे झडप. आपल्या हृदयात झडपा असतात, सायकलच्या ट्यूबमध्ये असते, तशीच ही. स्प्रिंगने एक छोटी चकती भोकावर दाबून धरलेली असते. आतला दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की तो स्प्रिंगला उचलतो, जास्तीची वाफ बाहेर पडते आणि दाब उतरला की चकती परत बसते. बस्स, एवढंच काम.

पण हे काम का लागतं? साध्या हवेच्या दाबाला एक लिटर पाण्याची वाफ झाली तर तिला सुमारे १६०० लिटर जागा लागते. बंद भांड्यात तिला ती जागा मिळत नाही, म्हणून दाब वाढतो. दाब वाढला की पाणी १०० अंशांवर न उकळता त्याहून जास्त तापमानाला उकळतं. आपल्या प्रेशर कुकरमध्ये ते सुमारे १२० अंशांपर्यंत जातं. असं भांडं फुटलं तर आतलं जास्त तापलेलं पाणी एका क्षणात उकळून वाफ होतं. भांडं लहान असलं तरी जवळच्या माणसाला भाजायला आणि पत्रा उडून लागायला तेवढं पुरतं.

ही गोष्ट माणसाला फार आधीच कळली होती. फ्रान्सच्या देनी पापँने १६७९ मध्ये हाडं शिजवण्यासाठी झाकण घट्ट बसणारं भांडं केलं. ते फुटू नये म्हणून त्याने त्यावर वजनाची झडप बसवली. आपल्या कुकरचा हा पणजोबाच म्हणा.

आणि माझ्यासारखी चूक करणारेही फार आधीपासून आहेत. अमेरिकेत १८३१ साली 'बेस्ट फ्रेंड ऑफ चार्ल्सटन' नावाच्या इंजिनाचा बॉयलर फुटला. वाफेच्या आवाजाला कंटाळून फायरमनने सेफ्टी व्हॉल्व्ह बंद करून ठेवला होता असं सांगतात. त्यात त्याचा जीव गेला. पुढे इंग्लंडच्या जॉन रॅम्सबॉटमने १८५५ मध्ये असा व्हॉल्व्ह बनवला, की चालकाला त्यावर जोर लावून तो बंद ठेवता येणार नाही. दोन झडपा आणि दोघींच्या मधे एकच स्प्रिंग. एकीवर जोर लावला की दुसरी सैल होणार! म्हणजे माणूस आवाज बंद करायचा मोह आवरणार नाही, हे त्याने गृहीतच धरलं होतं.

आवाज बंद करणं आणि दोष दूर करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी कार्यक्रमात आवाज बंद केला. दोष जिथल्या तिथेच होता, उलट धोका वाढला होता.

मग आम्ही गळती शोधली

दुसऱ्या दिवशी मुलांना मी खरं सांगून टाकलं. "काल मी चूक केली. नशीब चांगलं म्हणून काही झालं नाही. आता आपण हे इंजिन नीट करू. पण एक नियम, इंजिन गरम असताना त्याला फक्त मी हात लावणार. तुमची सगळी कामं थंड इंजिनावर." मुलं खूश. सरांची चूक सरांनीच सांगितली याचाच त्यांना जास्त आनंद!

पुढे चार तासिका लागल्या. काय केलं ते क्रमाने सांगतो, कारण तुमच्याकडे वाफेचं इंजिन नसलं तरी हा क्रम उपयोगी पडेल.

पहिली तासिका: फक्त बघायचं आणि लिहायचं. शाळेच्या अंगणात इंजिन ठेवलं, मुलं दहा-बारा फूट लांब दोरीमागे. मी दिवा पेटवला. गळती थोडी होती, व्हॉल्व्हला हात लावायची गरज नव्हती. मुलांनी वहीत लिहायचं होतं की वाफ कधी निघाली, कुठून निघाली, आणि दांडी बंद असताना निघाली की उघडल्यावर?

इथे एक गंमत कळली. पाचवीतला एक मुलगा म्हणाला, "सर, वाफ व्हॉल्व्हच्या वर हवेतून यायलीय." बरोबरच होतं त्याचं! खरी वाफ दिसत नाही. बाहेर पडून थोडी थंड झाली की तिचे बारीक थेंब होतात, तो पांढरा ढग आपल्याला दिसतो. म्हणजे पांढरं जिथे दिसतं त्याच्या थोडं अलीकडे खरी गळती असते. चहाच्या किटलीच्या तोटीशी नीट बघा, तोटी आणि ढग यांच्या मधे रिकामी जागा दिसेल.

मुलांच्या नोंदींतून तीन गोष्टी निघाल्या. दांडी बंद असताना धुराड्यातून वाफ येत नव्हती, म्हणजे दांडीखालची झडप नीट बसत होती. सिलिंडरच्या फटीतून चाकं फिरताना किंचित वाफ दिसत होती. फिटर मित्र म्हणाला की अशा खेळण्यात सिलिंडर डुलतो, तिथे थोडी वाफ जायचीच, तो दोष नाही. आणि सेफ्टी व्हॉल्व्हजवळ मात्र पाणी उकळल्या-उकळल्या, दाब चढायच्या आधीच वाफ येत होती. हा दोष.

दुसरी तासिका: थंड इंजिनावर तपासणी. बॉयलर रिकामा केला. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघतो, गॅसची टाकी बदलताना आपण साबणाचं पाणी लावतो, तेच इथे केलं. शिट्टी काढून त्या भोकात रबरी नळी घट्ट बसवली, नळीला सुई नसलेली मोठी सिरिंज लावली आणि व्हॉल्व्हभोवती साबणाचा फेस. मुद्दाम सायकलचा पंप घेतला नाही. त्याने किती दाब गेला ते कळत नाही. सिरिंजचा दाब हाताला कळतो. एका मुलीने सिरिंज हळूच दाबली.

बुडबुडे आले. पण दोन ठिकाणी! एक, व्हॉल्व्हच्या वरच्या दांड्याशी. दोन, व्हॉल्व्ह जिथे बॉयलरवर आट्यांनी बसतो त्या बुडाशी.

लांबून बघताना हे एकच फुसफुसणं वाटत होतं. निघाली मात्र दोन वेगळी कारणं.

तिसरी तासिका: एका वेळी एकच बदल. मुलांना दोन्ही एकदम करायचं होतं. मी थांबवलं. दोन्ही एकदम केलं आणि गळती थांबली, तर कशाने थांबली ते कसं कळणार?

आधी बूड. व्हॉल्व्ह काढला तर खाली सायकलच्या ट्यूबमधून कापलेलं वायसर निघालं, कडक होऊन चिरलेलं. आधीच्या मालकाची करामत! उष्णतेला ते टिकणार कसं? फिटर मित्राने उष्णता सोसणारं त्याच मापाचं वायसर पाठवलं. ते बसवून परत फेस लावला. बुडाचे बुडबुडे गेले, वरचे तसेच. वहीत नोंद.

मग वरचं. मित्राला फोनवर विचारत विचारत व्हॉल्व्ह उघडला. झडप जिथे टेकते त्या गोल कडेवर पांढरा खरबरीत थर. चौथीतली एक मुलगी, जी एरवी वर्गात तोंड उघडत नाही, ती म्हणाली, "सर, आमच्या पाणी तापवायच्या हंड्याला आतून असंच असतंय."

बरोबर! आमच्या गावाला बोअरचं पाणी. जड पाणी. त्यात विरघळलेले कॅल्शियमचे क्षार पाणी उकळलं की पांढऱ्या थराच्या रूपात भांड्याला चिकटतात. तेच पाणी आम्ही इंजिनात भरत होतो. त्याचा कण झडपेखाली अडकला की झडप पुरती बसत नाही, दारात खडा अडकावा तशी. मोठ्या इंजिनांनाही हाच त्रास होता. म्हणून त्यांचे बॉयलर ठरावीक दिवसांनी थंड करून आतून धुवावे लागत.

हंड्यातला थर खरवडून मुलीने दुसऱ्या दिवशी पुडीत आणला. त्यावर व्हिनेगरचे थेंब टाकले, फसफसला. इंजिनातल्या थरावर टाकले, तोही फसफसला. मग झडप थोडा वेळ व्हिनेगरमध्ये ठेवली, जुन्या मऊ टूथब्रशने घासली, स्वच्छ पाण्याने धुतली. एक जण पॉलिश पेपर घेऊन आला होता, त्याला नको म्हटलं. चरे पडले तर गळती कायमची. परत फेस लावला. आता कुठेच बुडबुडा नाही.

चौथी तासिका: न गळणारा व्हॉल्व्ह उघडतो का? ही तपासणी सगळ्यात महत्त्वाची, आणि ती मी विसरलो होतो. मित्राने आठवण केली. "सर, गळत नाही ते ठीक. पण उघडतो का? न उघडणारा व्हॉल्व्ह गळणाऱ्यापेक्षा वाईट." थंड असताना दांडा वर ओढून बघितला, मोकळा हलत होता आणि आपोआप परत बसत होता. मग अंगणात, मुलं दोरीमागे, दांडी बंद ठेवून मी दिवा पेटवला. पाणी उकळलं, गळती नाही. दाब चढत गेला, आणि थोड्या वेळाने फुस्स! व्हॉल्व्ह आपणहून उघडला. दाब उतरला, परत बसला.

मुलं म्हणाली, "सर, परत गळालं!" मी म्हटलं, आता वहीत बघा. आधी उकळल्या-उकळल्या सुरू होत होतं आणि थांबत नव्हतं. आता उशिरा सुरू झालं आणि थांबलं. आवाज तोच, अर्थ वेगळा. आधी तो गळत होता, आता तो त्याचं काम करतोय.

त्यानंतर आम्ही इंजिनात बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणीच भरतो आणि खेळ झाला की बॉयलर रिकामा करून ठेवतो. स्प्रिंगला मात्र आम्ही हात लावला नाही. ती ताणायची नाही, जास्त कडक बसवायची नाही. सैल झालीच तर त्याच मापाची नवी, आणि तीही जाणकाराच्या हातून.

आता वर्गाकडे वळू

मित्रांनो, हे सगळं झाल्यावर मी तिसरीच्या गणिताच्या वह्या तपासायला बसलो. हातच्याची वजाबाकी होती. ५२ वजा २७. दोन मुलांचं उत्तर ३५ आलं होतं. मी नेहमीप्रमाणे दोघांच्याही वहीत लाल फुली मारली, खाली लिहिलं, 'परत सोडव. लक्ष दे.'

आणि मला ती लाकडी मूठ आठवली.

'लक्ष दे' म्हणजे काय? नट आवळणंच की! गळती कुठे आहे ते मी बघितलंच नव्हतं. दोघांना जवळ बोलावलं, गणित बोलत बोलत सोडवायला सांगितलं. पहिला म्हणाला, "दोनातून सात जात नाही, मग सातातून दोन काढले, पाच. पाचातून दोन, तीन. पस्तीस." म्हणजे हा मोठ्यातून लहान काढतो, कोणता अंक वर आहे ते बघतच नाही. दुसरी म्हणाली, "दशक सुटा केला, बारा झाले. बारातून सात, पाच. पाचातून दोन, तीन. पस्तीस." म्हणजे हिने दशक सुटा केला, पण दशकाच्या घरात पाचाचे चार केले नाहीत.

बघा! उत्तर एकच, ३५. कारणं दोन. इंजिनासारखंच. आणि दोघांनाही मी एकच औषध दिलं होतं.

खात्री करायला दोघांना आणखी एक उदाहरण दिलं. ६१ वजा ३८. पहिल्याचं उत्तर आलं ३७, दुसरीचं ३३. आता फरक उत्तरातच दिसला. हा झाला आपला साबणाचा फेस. पहिल्याला काड्यांचे गठ्ठे देऊन वरच्या संख्येतूनच वजा करायचं हे दाखवावं लागलं. दुसरीला फक्त गठ्ठा सोडल्यावर उरलेले गठ्ठे परत मोजायची सवय लावावी लागली. तिला सगळी वजाबाकी पहिल्यापासून शिकवली असती तर तिचा वेळ गेला असता, आणि 'मला काहीच येत नाही' असं तिला वाटलं असतं ते वेगळंच.

आपल्याकडे निपुण चाचण्या होतात, अध्ययन स्तर ठरतात, तक्ते भरले जातात. ते करावंच लागतं. पण तक्ता सांगतो की वजाबाकी येत नाही. कुठून गळतंय ते तक्ता सांगत नाही. ते मुलाच्या शेजारी बसूनच कळतं.

आणि आवाज दाबायचं म्हणाल तर तेही आपण करतोच. 'पण सर...' म्हणणाऱ्या मुलाला 'गप बस, आधी लिहून घे' असं मी किती वेळा म्हटलं असेल! तपासणीच्या दिवशी कच्च्या मुलांना मागे बसवून हुशार मुलांना पुढे करतो. वर्ग शांत दिसतो, साहेब खूश होतात. दोष आतच राहतो आणि पुढे आठवी-नववीत बाहेर येतो. तोवर तो मुलगा आपल्या शाळेतून गेलेला असतो, म्हणून आपल्याला त्याची झळ लागत नाही.

तुम्ही म्हणाल...

तुम्ही म्हणाल, सर, एका खेळण्यासाठी चार तासिका? अभ्यासक्रम कधी पूर्ण करायचा? प्रश्न रास्त आहे. पण त्या चार तासिकांत पाण्याच्या अवस्था झाल्या, जड पाणी झालं, निरीक्षण आणि नोंद झाली. मुलांनी 'आमच्या इंजिनाची दुरुस्ती' हा निबंध स्वतःच्या शब्दांत लिहिला. तो कुठल्या निबंधमालेतून उतरवलेला नव्हता.

तुम्ही म्हणाल, प्राथमिक शाळेत वाफ कशाला? धोका आहे. शंभर टक्के मान्य. मी स्वतःच तो धोका घडवून बसलो होतो. म्हणून सांगतो, जाणकार माणूस सोबतीला नसेल तर वाफेच्या इंजिनाच्या नादी लागू नका. जुना बॉयलर कसा आहे हे वरून कळत नाही. गळणारी सायकलची ट्यूब घ्या, ठिबकणारा नळ घ्या, न पेटणारा बॅटरीचा दिवा घ्या. दोष कुठे आहे ते शोधण्याचं शिक्षण यातूनही तेवढंच मिळतं.

आणि काही जण म्हणतील, प्रदर्शनात बिघडलेलं मॉडेल ठेवलं तर नंबर येणार नाही. नसेल येत! पण विकत आणलेलं, न बिघडणारं, मुलाने आतून कधीच न उघडलेलं मॉडेल ठेवून आलेल्या नंबरातून ते मूल काय शिकतं, हाही प्रश्न विचारायला हवा. माझं स्पष्ट मत आहे, परीक्षकांनी मुलाला 'हे कसं चालतं' एवढंच विचारू नये. 'हे कधी बिघडलं होतं आणि तू काय केलंस' हेही विचारावं आणि त्याला गुण द्यावेत.

वर्गात करून बघण्यासारखं

बिघडलेली वस्तू शाळेतून लगेच टाकून देऊ नका. एक 'दोष-वही' ठेवा. तिच्यात चारच रकाने: काय दिसलं, काय वाटलं, कोणता एक बदल केला, मग काय झालं. अंदाज चुकला तरी तो खोडायचा नाही. आमच्या वहीत पहिलाच अंदाज माझा आहे, 'स्प्रिंग सैल झाली असावी.' साफ चुकलेला. मुलं तो पाहुण्यांना मुद्दाम दाखवतात, आणि मी दाखवू देतो.

गणिताच्या वहीतही फुली मारण्याआधी आठवड्यातून निदान दोन मुलांना शेजारी बसवून बोलत बोलत गणित सोडवायला सांगा. सगळ्यांना रोज जमणार नाही, मलाही जमत नाही. दोन तर दोन.

जाता जाता आपल्याच जिल्ह्यातल्या तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट आठवते. संतांच्या मेळ्यात त्यांनी थापटण्याने एकेकाचं डोकं ठोकून कोण पक्कं, कोण कच्चं ते सांगितलं आणि नामदेवांना कच्चं ठरवलं, ही कथा आपण सगळे मुलांना सांगतो. मी ती आता थोडी पुढे नेऊन सांगतो. गोरोबाकाका कुंभार होते, एकेक मडकं वाजवून बघणारे. सगळ्या मडक्यांना एकदम कच्चं म्हणून ते मोकळे झाले नाहीत. आणि कच्चं निघालेलं मडकं कुंभार फेकून देत नाही, परत भट्टीत घालतो. नामदेवही पुढे विसोबा खेचरांकडे गेलेच ना!

इंजिन सध्या आमच्या कपाटात आहे. पुढच्या महिन्यात गावातल्या म्हाताऱ्या मंडळींना बोलावून अंगणात चालवणार आहोत, दोरी बांधूनच. ते परत कधीतरी गळेलच. तेव्हा पक्कड घेऊन धावायचं नाही, आधी वही काढायची, एवढं मुलांना आता माहीत आहे. मलाही.